सायलेन्सरला आधार देताना : गावच्या वर्कशॉपसाठी एक पाठ

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून सुरू होतात आणि कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतून पूर्वेकडील बागायती पट्ट्यापर्यंत उतरत जातात. पुणे-नाशिक महामार्ग या तालुक्यांच्या मधून जातो आणि माळशेज घाटाने येणारा रस्ता त्याला आळेफाट्यावर मिळतो. परंतु शेतातील माल महामार्गावर पोहोचण्यापूर्वी त्याला मुरमाची पायवाट, कालव्याची भरावाची कड आणि ओढ्यातील दगडगोटे पार करावे लागतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणारी पिकअप असो की भीमाशंकरच्या चढणीवरील प्रवासी जीप असो, या वाटेवरचा पहिला दगड बहुधा वाहनाच्या एकाच भागाला लागतो. तो भाग म्हणजे सायलेन्सर.

सायलेन्सर निसटला की चालक जवळची तार शोधतो, पाइप चासीला आवळून बांधतो आणि पुढे निघतो. ही तार एका फेरीपुरती असते. प्रत्यक्षात ती महिनोन् महिने तशीच राहते. तारेची जागा पुढे वेल्डिंगने घेतली, तरी अनेकदा पाइपाला एक पट्टी, पट्टीला चासी, असे सरळ जोडकाम केले जाते. दिसण्यात ते भक्कम असते. काही दिवसांतच मात्र जोडाच्या शेजारी बारीक चीर पडते आणि वायूची गळती सुरू होते.

ही गळती केवळ आवाजाची बाब नव्हे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट जोराने जोडला जातो आणि शरीराचा प्राणवायूचा पुरवठा तोडतो. वाहनाच्या मागच्या टोकाने बाहेर पडावयाचा हा धूर आसनाखालील चिरेतून निघू लागला, तर थंडीच्या दिवसांत काचा वर करून बसलेल्या प्रवाशांना डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे असे त्रास होतात आणि पुढे जिवावरही बेतू शकते. म्हणून सायलेन्सरला आधार देणारा हँगर कसा घडवावा, हा प्रश्न लहान दिसला तरी गावच्या प्रत्येक वर्कशॉपने नीट समजून घेण्याजोगा आहे.

पाबळचा वस्तुपाठ

कारखान्यात तयार झालेल्या गाडीला कारखान्याचाच हँगर मिळतो. स्वतः बांधलेल्या वाहनाची गोष्ट वेगळी असते. त्यात इंजिन एका गाडीचे, गिअरपेटी दुसरीची आणि सांगाडा वर्कशॉपमध्ये जोडलेला असतो. अशा वाहनाला बाजारातील कोणताही हँगर नेमका बसत नाही; तो मोजमाप घेऊन घडवावाच लागतो.

या प्रकारच्या कामाचे एक चांगले उदाहरण आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. ग्रामीण भागातील मुलांनी हाताने काम करीत करीत विज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती व पशुपालन या कामांतून तेथे शिक्षण दिले जाते. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून लहान शेतकऱ्याला परवडेल असा ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर या आश्रमाने तयार केला. टाकाऊ समजल्या गेलेल्या भागांतून उपयुक्त वाहन उभे राहू शकते, हे त्यातून दिसले. त्याचबरोबर अशा वाहनात प्रत्येक जोड का व कसा, हे समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हेही शिकणाऱ्यांच्या लक्षात आले.

अभियांत्रिकीचे विद्यार्थीही याच मार्गाने जातात. २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा’ या स्पर्धेसाठी देशभरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी खडतर मार्गावर चालणारे एकआसनी वाहन स्वतः बांधतात. आंबेगाव तालुक्यातील अवसरी येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ पासून आहे, त्यामुळे अशा कामाचे शास्त्र तालुक्याच्या हद्दीतच उपलब्ध झाले आहे.

धावेचे शास्त्र

वेल्डिंगने घट्ट जोडलेला सायलेन्सर का तडकतो, याचे उत्तर गावाला नवे नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती किंचित लहान ठेवीत असे. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल तापली की प्रसरण पावून चाकावर सहज बसे. मग तिच्यावर पाणी ओतले जाई आणि आकुंचन पावलेली धाव लाकडाला अशी आवळून धरी की वर्षानुवर्षे सुटत नसे. बलुतेदारीतील लोहाराने पुस्तकाविना जाणलेला हा नियम मोटारीलाही तितकाच लागू पडतो. फरक एवढाच, की धावेच्या बाबतीत लोखंडाची ही ओढ उपयोगी होती, सायलेन्सरच्या बाबतीत ती घातक ठरते.

साध्या पोलादाची एक मीटर लांबीची सळई १०० अंश सेल्सिअसने तापली, तर सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. गाडीचा पाइप अडीच मीटर लांब आहे आणि त्याचे तापमान सरासरी ३०० अंशांनी वाढले असे धरले, तर तो सुमारे ९ मिलिमीटरने लांबतो. स्टेनलेस पोलादाचे प्रसरण याहून अधिक असते. तेवढाच पाइप १३ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. चासी मात्र थंडच राहते. दोन्ही टोकांना जखडलेल्या पाइपाला ही वाढ सामावून घेण्यास जागा नसते. तो वाकू पाहतो आणि सर्व ताण अखेर जोडाजवळच्या पातळ पत्र्यावर येतो. गाडी थांबली की पाइप आकुंचन पावतो व ताण उलट दिशेने येतो. दिवसातून अनेकदा असे घडले, की तार वारंवार वाकवून तोडावी तसा तो भाग तुटतो.

प्रसरणाच्या जोडीला इंजिनाचे हेलकावे असतात. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असल्यामुळे ते सुरू होताना, बंद होताना व जोर लावताना डोलते. त्याला जोडलेला पाइपही त्याच्याबरोबर हलतो. शिवाय खड्ड्यातील धक्का आहेच. पाइप व सायलेन्सर यांचे वजन १० किलोग्रॅम असेल आणि धक्क्याच्या क्षणी त्यावर पाचपट जोर आला, तर हँगरवर तेवढ्यापुरता ५० किलोग्रॅमचा भार पडतो.

सारांश, हँगरने वजन पेलावयाचे, पण हालचाल अडवावयाची नाही. आधार म्हणजे आवळण नव्हे, हे या कामाचे मूळ सूत्र होय. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीतही याच विचाराचे दुसरे रूप दिसते. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढ्या विस्ताराचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता ताणलेल्या दोरांवर बसविलेल्या तारेच्या जाळीचा केला आहे. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. जोराला तोंड देण्यापेक्षा त्याला वाट करून देणे अनेकदा अधिक शहाणपणाचे असते.

जागा कोठे निवडावी

हँगरचे दोन भाग असतात. एक सळई पाइपाला जोडलेली असते, दुसरी चासीला. या दोहोंच्या मध्ये उष्णता सोसणारा रबराचा तुकडा असतो. त्यात दोन भोके असून दोन्ही सळया त्यांत अडकतात. वजन रबरावर तोलले जाते आणि पाइपाला पुढेमागे सरकण्यास मोकळीक राहते. इंजिनाजवळ पाइपात लवचीक जोड बसविला, तर इंजिनाचे हेलकावे मागे पोहोचत नाहीत.

चासीकडील सळई आडव्या तुळईला अथवा मुख्य सांगाड्यालाच जोडावी. केबिनच्या वा हौद्याच्या पातळ पत्र्याला कधीही जोडू नये. तसे केल्यास पत्रा थरथरतो व फाटतो. सायलेन्सर हा सर्वांत जड भाग असल्याने त्याच्या पुढे व मागे एकेक हँगर असावा. मागे निघणारा पाइप लांब असेल तर त्याच्या टोकाजवळ आणखी एक द्यावा. पाइप सर्वत्र सारखा थरथरत नाही. गाडी थंड असताना इंजिन सुरू करून पाइपाला ठिकठिकाणी लाकडी काठी टेकवून पाहिली, तर कमी थरथरणाऱ्या जागा हाताला कळतात. तेथे खडूने खूण करावी आणि शक्यतो तेथेच आधार द्यावा.

पाइपाच्या भोवती सर्व बाजूंनी निदान बोटभर मोकळी जागा राहील, हे पाहावे. मागचा पाटा धक्क्याने वर येतो तेव्हाही ही जागा उरली पाहिजे. इंधनाच्या नळीपासून पाइप किमान ३५ मिलिमीटर दूर असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सांगितले आहे. ब्रेकच्या नळ्या व विजेच्या तारा यांच्या बाबतीतही हेच अंतर पाळणे इष्ट.

घडण आणि जोडकाम

हँगरसाठी ८ ते १० मिलिमीटर जाडीची साधी पोलादी सळई पुरेशी असते. प्रथम जाड तार वाकवून तिचा नमुना तयार करावा, गाडीखाली धरून पाहावा आणि मगच सळई वाकवावी. वाकण गोलाकार असावी. तीक्ष्ण कोपऱ्यावर सळई लवकर तुटते. रबरात जाणारे टोक घासून गुळगुळीत करावे. रबर निसटू नये म्हणून टोकाशी वायसर व पिन द्यावी. दोन्ही सळयांची टोके वाहनाच्या आडव्या दिशेत असली, तर पाइप लांबताना रबर सहज झुकते. पाइप तापल्यावर मागे सरकतो, हे लक्षात घेऊन थंड असताना रबर किंचित पुढे झुकलेले ठेवावे. म्हणजे गाडी तापल्यावर ते सरळ लोंबते.

खरी कसोटी जोडकामाची असते. सळई १० मिलिमीटर जाड आणि पाइपाचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर, अशा दोन विषम वस्तू जोडावयाच्या असतात. सळई थेट पाइपाला जोडली तर पत्रा जळून भोक पडते, नाही तर जोड वरवरचा राहतो. यासाठी ३ मिलिमीटर जाडीची पट्टी खोगिरासारखी वळवून पाइपावर बसवावी, तिच्या दोन लांब कडा पाइपाला जोडाव्यात आणि सळई त्या पट्टीवर जोडावी. त्यामुळे भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. पाइपाला गोल वेढा घालणारे वेल्डिंग टाळावे, कारण ताण नेमका त्याच रेषेवर येतो. पाइप फार गंजलेला असेल, तर वेल्डिंगचा हट्ट सोडून नटबोल्टचा क्लँप वापरावा.

जोडावयाची जागा गंज, रंग व तेल काढून चकचकीत करावी. सर्व भाग गाडीवर जागेवर धरून प्रथम फक्त टाके मारावेत. अंतरे पुन्हा तपासावीत. शक्य असल्यास पाइप उतरवून घेऊन पूर्ण वेल्डिंग टेबलावर करावे. पातळ पत्र्यासाठी २ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड आणि ४० ते ६० अँपिअर प्रवाह योग्य ठरतो. ज्वाळेचा रोख जाड भागाकडे ठेवावा आणि वितळलेला रस पातळ भागाकडे ओढून आणावा. थोडे थोडे वेल्डिंग करून मध्ये थांबावे. जोड पाणी ओतून थंड करू नये. धावेला पाणी हवे होते, येथे ते जोड ठिसूळ करू शकते. शेवटी मळी झाडून जोड उजेडात पाहावा आणि उष्णतेला टिकणारा रंग द्यावा. स्टेनलेस पाइपाला साधी पट्टी जोडताना रॉडही त्या कामासाठीचाच घ्यावा.

काम पूर्ण झाल्यावर गाडी उघड्यावर सुरू करावी. मागचे टोक जाड कापडाने क्षणभर दाबले असता मध्येच फुसफुस ऐकू आली, तर गळती आहे असे समजावे. थोडी फेरी मारून पाइप तापल्यावर मोकळ्या जागा पुन्हा पाहाव्यात. थंड गाडीखाली बरोबर वाटलेला हँगर तापल्यावर कोठे टेकतो, हे याच वेळी कळते. गळती असलेल्या नळीत बाहेरची हवाही मिसळते, त्यामुळे टोकाशी घेतलेली प्रदूषणाची मोजणी खरी ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कारागिराची व शेजाऱ्यांची सुरक्षितता

गाडीखाली काम करताना ती केवळ जॅकवर उभी ठेवू नये. भक्कम घोड्यांवर टेकवावी व चाकांना उटी लावावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. यंत्राची अर्थची चिमटी जोडाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून वा विजेच्या उपकरणांतून जाणार नाही. इंधनाची टाकी जवळ असेल तर ती उतरवून दूर ठेवावी. रिकामी टाकी निर्धोक असते, ही समजूत चुकीची आहे. तिच्यात उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते.

पाण्याच्या नळाचा जस्ताचा मुलामा असलेला पाइप सायलेन्सरसाठी वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. वेल्डिंगच्या वेळी त्यातून निघणाऱ्या पांढऱ्या धुराने कारागिराला काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. असा पाइप वापरू नये, आणि वापरावाच लागला तर मुलामा आधी पूर्ण घासून काढावा व काम मोकळ्या हवेत करावे.

वर्कशॉप बहुधा रस्त्याच्या कडेला असते आणि ठिणग्या पाहण्यास मुले जमतात. उघड्या डोळ्यांनी हा प्रकाश पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते. कारागिराने योग्य काच असलेला मुखवटा, चामडी हातमोजे व जाड सुती कपडे वापरावेत. रस्त्याच्या बाजूस पत्र्याचा वा ताडपत्रीचा आडोसा करावा आणि वाळूची बादली हाताशी ठेवावी.

नियमांची मर्यादा

कौशल्य कितीही असले तरी ते कायद्याच्या चौकटीत वापरावे लागते. प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. धूर सामान्यतः खाली किंवा डावीकडे न सोडता मागे, वर अथवा उजवीकडे सोडावयाचा असतो. डावीकडे पादचारी व चढणारे-उतरणारे प्रवासी असतात, हे त्यामागचे उघड कारण. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. मूळ जागी, मूळ पद्धतीचा हँगर पुन्हा बसविणे ही दुरुस्ती होय. सायलेन्सर काढून टाकणे किंवा आवाज वाढविण्यासाठी बदलणे ही दुरुस्ती नव्हे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या वाहनांत पाइपावरच धूरशुद्धीची साधने व संवेदक असतात. त्यांना वेल्डिंगची झळ लागू देऊ नये.

स्वतः बांधलेले वाहन नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था आहे. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावच्या एका लोहार कारागिराने भंगारातील भागांतून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बांधली. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावातील ती गाडी देशभर गाजली. एका मोटार उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी तिचे मनापासून कौतुक केले, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडविली जाईल हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी गाडी देऊ केली. कारागिराची बुद्धी आणि नियमाची गरज या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे या प्रसंगातून दिसून येते.

शाळा आणि पंचायती यांचे कार्य

या एका हँगरमध्ये भौतिकशास्त्र, गणित, धातुविद्या, आरोग्य आणि नागरिकशास्त्र यांचे धडे सामावलेले आहेत. शिक्षकांना प्रसरणाचा पाठ शिकविताना प्रयोगशाळेतील कडे व गोळा यांच्या जोडीला गावातील जुने चाक आणि उभ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर दाखविता येईल. पाइपाची लांबी मोजून तो किती वाढेल याचे गणित मुलांकडून करून घेता येईल. आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलालाही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर या व्यवसायाचे शिक्षण घेता येते आणि पुढे शिकाऊ उमेदवारीची वाट खुली असते, याची माहिती पालकांपर्यंत पोहोचविणेही शिक्षकांच्या हाती आहे.

ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील वर्कशॉपना वीजजोडणीची अर्थिंग, आडोसा व वाळूची बादली या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. विद्यार्थी व मजूर यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या सायलेन्सरची हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा तपासणी व्हावी. त्यासाठी फारसा खर्च येत नाही. गाडीखाली वाकून पाहणारा एक जाणता माणूस पुरतो.

लोखंड तापले की वाढते, हे ज्या लोहाराला ठाऊक होते त्याच्याच गावात आज वेल्डिंगचे यंत्र आले आहे. त्याच्या अनुभवाला मोजपट्टीची व शास्त्राची जोड मिळाली, तर तारेने बांधलेले सायलेन्सर दिसेनासे होतील आणि मागच्या आसनावर झोपी गेलेले मूल सुखरूप घरी पोहोचेल.